पार्सलच्या काउंटरवर होणाऱ्या टिपच्या सक्तीबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
इंदूर जिल्हा, मोती तबेला, इंदूर (मध्य प्रदेश)

प्रत : मा. श्रमायुक्त, मध्य प्रदेश शासन, इंदूर

विषय : उपाहारगृहांतून पार्सल नेणाऱ्या ग्राहकांवर टिपसाठी आणल्या जाणाऱ्या दबावाची चौकशी होणेबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे इंदूरचे मराठीभाषक रहिवासी आहोत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम १७ प्रमाणे ही लेखी तक्रार आपल्याकडे देत आहोत. निवेदनाची हिंदी प्रत सोबत आहे.

शहरातल्या काही नव्या उपाहारगृहांत आणि कॅफेंत पार्सल घ्यायला गेलेल्या माणसाला आता पदार्थाच्या किमतीवर काही ना काही जास्त द्यावे लागते. कुठे बिलात ‘स्टाफ’ नावाची ओळ आधीच छापलेली असते. कुठे पैसे भरायचे यंत्र आपल्याकडे फिरवले जाते, त्यावर पाच, दहा, पंधरा टक्क्यांची बटणे ठळक असतात आणि ‘नको’ शोधावे लागते. कुठे पिशवी काउंटरच्या आतल्या बाजूलाच ठेवून ‘साहब, स्टाफ के लिए कुछ?’ असे विचारतात. मागे रांग उभी असते, विचारणारा पोरगा हसतमुख असतो, आणि पेन्शनवर जगणारा माणूसही वीस रुपये देऊन मोकळा होतो. ही खुशी नव्हे. पार्सल नेणाऱ्याला टेबल मिळत नाही, पाणी मिळत नाही, वाढायला कोणी येत नाही; वर पॅकिंगचे पैसे वेगळे लावलेले असतातच.

टिप मागणे हा गुन्हा आहे, असे आमचे म्हणणे नाही. पण मागण्याची रीत कायद्याच्या कुंपणाला कुठे भिडते, ते पाहावे लागेल. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. बिलात सेवाशुल्क आपोआप लावू नये, आणि दुसऱ्या कोणत्याही नावानेही ते वसूल करू नये, असे त्यांत स्पष्ट आहे. ‘स्टाफ’ची छापील ओळ या दुसऱ्या नावातच मोडते. उपाहारगृहांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि २० जुलै २०२२ रोजी त्यांना स्थगिती मिळाली. पण ती मिळवताना पार्सलवर सेवाशुल्क लावणार नाही, अशी हमी त्यांनीच दिली होती. म्हणजे बसून खाणाऱ्याबद्दल वाद चालू असतानाही पार्सलबद्दल वाद नव्हता. पुढे २८ मार्च २०२५ रोजी त्याच न्यायालयाच्या एकलपीठाने या सूचना कायम ठेवल्या आणि याचिकाकर्त्या संघटनांना प्रत्येकी एक लाख रुपयांचा दंड केला. त्यावर अपील झाले आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. मात्र पार्सलबाबत ज्यांनी स्वतः हमी दिली, त्यांच्या धंद्यातल्या इतरांना वेगळा नियम कसा लागू होईल?

मोबाइलवरून मागणी नोंदवून स्वतः पार्सल आणायला जाणाऱ्यांचीही हीच गत आहे. टिपची रक्कम आधीच निवडलेली असते. ग्राहकाच्या संमतीशिवाय बिलात रक्कम घुसवणे आणि नकार देणाऱ्याला ओशाळवाणे करणे, या दोन्ही गोष्टी ३० नोव्हेंबर २०२३ च्या ‘डार्क पॅटर्न’विषयक सूचनांत निषिद्ध ठरवल्या आहेत.

इंदूरची जुनी रीत नेमकी उलटी आहे. पोह्यांवर मूठभर जास्त शेव आणि चिमूटभर जिरावन मागायचा हक्क इथे गिऱ्हाइकाचा, आणि देण्यात दुकानदाराची शान. छप्पन दुकानवर किंवा रात्रीच्या सराफ्यात खूश होऊन पैसे ठेवणारे आजही आहेत. त्यांच्यापुढे कोणी यंत्र फिरवत नाही.

आमची खरी शंका वेगळी आहे. टिपचा क्यूआर कोड बहुतेक ठिकाणी मालकाच्याच खात्याचा असतो. तो पैसा भांडी घासणाऱ्या आणि पार्सल बांधणाऱ्या मुलांपर्यंत पोचतो का? पोचत असेल, तर तेवढ्याने त्यांचा पगार कमी धरला जातो का? किमान वेतन देणे मालकाचे काम आहे. ते ग्राहकाच्या भिडेवर ढकलता येणार नाही. काउंटरवरच्या पोरांशी आमचे भांडण नाही.

म्हणून आमच्या मागण्या :

१. कलम १६ खालील अधिकारात आपण या प्रकाराची चौकशी करून अहवाल केंद्रीय प्राधिकरणाकडे पाठवावा. बिलांच्या छायाप्रती सोबत आहेत. दुकानांची नावे आम्ही निवेदनात मुद्दाम घातलेली नाहीत; चौकशी अधिकाऱ्यासमोर सांगू.

२. पार्सलच्या बिलात टिप, सेवाशुल्क किंवा ‘स्टाफ’ची रक्कम आधीपासून धरू नये, असा आदेश काढावा. पॅकिंगचे पैसे घ्यायचे असतील, तर ते दरपत्रकात आधी लिहावेत.

३. ‘टिप ऐच्छिक आहे’ हे वाक्य आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक प्रत्येक काउंटरवर हिंदीत, ठळक अक्षरांत लावायला सांगावे. ओल्या-सुक्या कचऱ्याच्या वेगळ्या पेट्या दुकानादुकानांत ठेवायला लावणाऱ्या शहराला एक पाटी जड जाऊ नये.

४. श्रमायुक्तांनी अशा ठिकाणचे वेतन आणि टिपचे वाटप तपासावे.

मंगळवारच्या जनसुनावणीत आमच्या प्रतिनिधींना वेळ द्यावा आणि झालेली कारवाई लेखी कळवावी, ही विनंती.

आपले,
इंदूरचे मराठीभाषक रहिवासी
(सह्यांची यादी, बिलांच्या छायाप्रती व हिंदी प्रत सोबत)