तिप्पट कशाची?

लोहचुंबकाने लोखंड किती उचलावे हा अभियंत्यांचा प्रश्न आहे. अर्थशास्त्राच्या सेवानिवृत्त प्राध्यापकाने त्यात पडू नये, असे माझे स्नेही मला बजावतात. मला हे मान्य नाही. ज्या आकड्याने एकाचा खर्च वाचतो आणि दुसऱ्याचा जीव टांगणीला लागतो, तो आकडा अर्थशास्त्राचाच विषय होय.

हा आकडा म्हणजे सुरक्षागुणक. 'ईएन १३१५५' हे युरोपीय प्रमाणक सांगते की, कायम चुंबकाची पकड सोडवण्यास लागणारे बल त्यावर नोंदलेल्या भाराच्या किमान तिप्पट असावे. विद्युतचुंबकाच्या बाबतीत दुप्पट. केवढी ही औदार्याची तरतूद, असे वाचणाऱ्यास वाटेल. परंतु तिप्पट कशाची? चुंबकावरील ठळक आकडा सामान्यतः जाड, सपाट, स्वच्छ आणि पूर्ण चिकटलेल्या मृदू पोलादाचा असतो. आमच्या कारखान्यांतील पत्रा गंजलेला, रंगवलेला, वाकलेला असतो. मध्ये कागदाएवढी फट राहिली तरी पकड झपाट्याने घटते. पत्रा पातळ असेल तर चुंबक कितीही बलाढ्य असो, त्याचे सारे बल त्या पत्र्यात मावतच नाही. शिवाय असा पत्रा स्वतःच्या वजनाने लवतो आणि कडेकडून सोलल्यासारखा सुटत येतो. गोल सळईला तर चुंबक जेमतेम एका रेषेत टेकतो. म्हणजे कागदावरची तिप्पट, ओझे जमिनीवरून उठण्यापूर्वीच बरीचशी खर्ची पडलेली असते.

भोसरीत माझ्या एका विद्यार्थ्याच्या ओळखीने एक लहान कारखाना पाहिला. जाडी व फट यांनुसार भार किती कमी धरावा, याचा तक्ता चुंबकाबरोबर आलेला होता. तो कचेरीतील खणात होता, आणि इंग्रजीत. चुंबकाचा दांडा ज्याच्या हाती होता तो बीडकडचा विशीतला मुलगा. त्याला दिसत होता तो चुंबकावर कोरलेला एकच आकडा.

विद्युतचुंबकाची कथा याहून गंभीर आहे. वीज गेली की ओझे खाली. म्हणून तेच प्रमाणक, पुरवठा खंडित झाल्यावर किमान १० मिनिटे ओझे धरून ठेवील अशी बॅटरी मागते. मात्र जेथे माणसांना मज्जाव आहे अशा क्षेत्रात ही अट सोडते. तेथे ही सवलत वाजवी असेल. जालन्यासारख्या ठिकाणी भंगार वितळवून सळई करणारे कारखाने आहेत. अशा उद्योगांत भंगार निवडणारी माणसे चुंबकाच्या छायेतच वावरत असतील, तर मज्जाव फक्त पाटीवर उरतो. परदेशी सवलत उसनी घ्यायची आणि तिची पूर्वअट सीमेवरच सोडायची, हा आमच्या उद्योगनीतीचा जुना परिपाठ आहे.

लहान उद्योजक म्हणतील, बॅटरी परवडत नाही. त्यांची अडचण खोटी नाही. मोठे खरेदीदार त्यांचे दर पिळतात हे मी जाणतो. पण मग तो फरक भरतो कोण? चुंबकाखालचा कामगार, आणि त्याची संमती कोणी विचारलेली नाही. सरकारने बॅटरीसाठी स्वस्त कर्ज द्यावे. नियम सैल करून मजुराच्या जिवावर अनुदान देऊ नये.

१९४८च्या कारखाने अधिनियमाच्या २९व्या कलमात साखळी, आकडा, शॅकल, क्लॅम्प यांची नावे होती; चुंबकाचे नव्हते. त्याला 'तत्सम साधन' या शब्दांच्या आडोशाने राहावे लागे. तरीही सुरक्षित भार नोंदलेला असावा आणि सक्षम व्यक्तीने १२ महिन्यांतून एकदा तरी तपासणी करावी, एवढे त्यात होते. (त्या सक्षम व्यक्तीची फी मालकच देई, हे वेगळे सांगणे नलगे.) २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा व्यावसायिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली. विजेवर चालणाऱ्या जागेस 'कारखाना' म्हणण्यासाठी पूर्वी १० कामगार पुरत. आता २० लागतात. भोसरीच्या त्या जागेत मी १४ मोजले.

सुरक्षेची मानके जाहीर करण्याचा अधिकार याच संहितेने केंद्र सरकारला दिला आहे. त्या मानकांत चुंबकाचे नाव घालावे, बॅटरीची अट सवलतीविना ठेवावी, जाडीचा तक्ता मराठी-हिंदीत चुंबकावरच ठोकावा. आणि चाचणी पुरवठादाराच्या गुळगुळीत ठोकळ्यावर नव्हे, तर त्याच कारखान्यातल्या गंजक्या पत्र्यावर, कामगारांच्या प्रतिनिधीसमोर घ्यावी.