पत्रिकेची ओपन फाइल कुणाची?

छापखान्यात डिझाइन करणाऱ्यांच्या तोंडी दोन शब्द कायम असतात, ‘कर्व्ह’ आणि ‘ओपन फाइल’. लग्नपत्रिका पक्की झाली की मजकुराचे कर्व्ह करायचे, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या आकृत्या करायच्या. मग पुढच्या माणसाकडे तो फॉन्ट नसला तरी वेलांटी जागची हलत नाही. गिऱ्हाइकाच्या हाती पडते ती पीडीएफ, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवरचा जेपीजी. ओपन फाइल, जिच्यात नाव अजून नाव आहे आणि चौकट अजून चौकट आहे, ती दुकानातच राहते. मुहूर्त बदलला, धाकट्याचं लग्न ठरलं, की पुन्हा त्याच दुकानाची पायरी.

छापखान्यांसाठी ब्राउझरमध्ये चालणारी डिझाइनची साधनं लिहिणं हा माझा धंदा. माझं मत विचाराल तर ओपन फाइल गिऱ्हाइकाला मिळाली पाहिजे, आणि तीही दुसऱ्या कुठल्याही प्रोग्रामला वाचता येईल अशी. हे अवघड नाही, पण त्याकडे लक्ष द्यावं लागतं.

ब्राउझरमध्ये चित्र काढायचं ते ‘कॅनव्हास’वर. अ‍ॅपलने २००४ मध्ये तो आपल्या डॅशबोर्डसाठी आणला आणि मग सगळ्याच ब्राउझरांनी घेतला. कॅनव्हास वेगवान आहे आणि तितकाच विसरभोळा. त्याला लाल चौकोन काढायला सांगा; तो तेवढे पिक्सेल लाल करतो आणि चौकोनाचं नावही विसरतो. म्हणून फॅब्रिक किंवा कॉन्व्हा अशी लायब्ररी वापरतात. ती प्रत्येक आकार लक्षात ठेवते आणि मागितल्यावर त्याची साधी नोंद काढून देते: प्रकार मजकूर, डावीकडून इतका, वरून इतका, रंग हा, कोन हा. ही नोंद जेसन नावाच्या मांडणीत लिहिली की ती नोटपॅडमध्येसुद्धा उघडते. रांगोळीच्या वहीत आकृतीशेजारी ‘१५ ते ८ ठिपके’ लिहिलेलं असतं, म्हणून ती दुसऱ्या अंगणात काढता येते. नुसता फोटो असेल तर डोळे ताणून ठिपके मोजत बसा.

चित्र म्हणजे रेघा नव्हेत, रेघांची नोंद, ही कल्पना जुनी आहे. आयव्हन सदरलँड यांनी १९६३ मध्ये एमआयटीत ‘स्केचपॅड’ केलं. त्यात मूळ आकृती बदलली की तिच्या सगळ्या प्रती आपोआप बदलत. साठ वर्षांनंतर आपण जेपीजीवर पांढरा पट्टा मारून नवी तारीख चिकटवतो आहोत.

बरं, लायब्ररीने दिलेली नोंद जशीच्या तशी साठवली की झालं, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. फॅब्रिकमध्ये चौकट कोपऱ्याला धरून ओढली की नोंदीतली रुंदी तीच राहते, बदलतो तो शेजारचा पट. रुंदी १००, पट अडीच. बाहेरच्या वाचणाऱ्याने गुणाकार करायचा, आणि तो करायचा असतो हे आधी ठाऊक हवं. गणपती आणि त्याभोवतीची महिरप यांचा गट केला, तर आतल्या आकारांची मापं कागदाच्या कोपऱ्यापासून नाही, गटाच्या मध्यापासून धरलेली असतात. फोटोच्या जागी नोंदीत कधी नुसता पत्ता असतो, आणि तो तात्पुरता असेल तर टॅब बंद केला की मेला. मी मजकुराच्या चौकटीला ‘वधूचे नाव’ अशी खूण लावते, म्हणजे पुढच्या पत्रिकेत तिथे नवं नाव भरता येईल. ही खूण माझी, लायब्ररीची नव्हे. तिचं नाव मुद्दाम सांगितलं नाही तर नोंद काढताना ती मुकाट्याने गळते. तक्रार नाही, इशारा नाही. पडद्यावर सगळं जिथल्या तिथे दिसत असतं.

म्हणून मी लायब्ररीची नोंद तशीच ठेवत नाही. तिचा गुणाकार करून, गट सोडवून, मापं मिलिमीटरमध्ये लिहिते. छापखान्यात कुणी पिक्सेलमध्ये बोलत नाही. लायब्ररी उद्या बदलेल किंवा बंद पडेल, पण मिलिमीटर कुठे जाणार?

मराठीत याखेरीज एक कटकट आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत टाइप केलेला मजकूर आतून देवनागरी नसतोच. फॉन्ट काढून घेतला की ‘चि. सौ. कां.’च्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. अशा मजकुराची नोंद कितीही नीट ठेवली तरी ठेवला तो चिवडाच. तेव्हा आधी युनिकोड, म्हणजे आतूनही देवनागरी, मग ओपन फाइल. जुने डिझाइनर यावर कुरकुरतात. त्यांच्या आवडीची जोडाक्षरं युनिकोड फॉन्टांत मिळत नाहीत म्हणतात. काही बाबतीत ते खरंही आहे. तरी पाच वर्षांनी शोधता येईल असं नाव मला सुबक जोडाक्षरापेक्षा मोलाचं वाटतं.

खरा विरोध मात्र यातल्या कशालाच नसतो. एका प्रेसच्या मालकांनी तो सरळ बोलून दाखवला.

“मॅडम, फाइल दिली की गिऱ्हाईक पुढची पत्रिका दुसरीकडे छापणार.”

“छापू दे की. डिझाइनचे पैसे घेतलेत ना तुम्ही?”

“डिझाइन फ्री असतं आमच्याकडे. पैसे छपाईत काढतो.”

इथेच सगळं अडलं आहे. डिझाइन फुकट म्हणायचं, त्याची किंमत शेकड्याच्या दरात दडवायची आणि वसुलीसाठी फाइल ओलीस धरायची. मी त्यांना म्हटलं, फाइलचे वेगळे पैसे लावा आणि उघड लावा. त्यांनी लावले. दरपत्रकात आता लॅमिनेशनच्या खाली ‘ओपन फाइल’ अशी ओळ आहे. दर मला जास्त वाटतो, पण तो त्यांनी आणि गिऱ्हाइकाने बघून घ्यावा.