त्या पाणबुड्याचे नाव काय?

माझ्या वर्गमित्रांनो, मैत्रिणींनो आणि भित्तिपत्रक वाचायला थांबलेल्या पालकांनो,

मागच्या अंकात आमच्याच वर्गातल्या एका मित्राने ‘कॅप्टन नेमो – माझा आवडता वीर’ असा लेख लिहिला होता. लेख चांगला होता. अक्षरही छान होते आणि बाजूला मोरी माशाचे चित्र तर झकासच. पण मला तो लेख पटला नाही. मधल्या सुट्टीत आमचे त्यावरून जोराचे भांडण झाले. बाई म्हणाल्या, “पटलं नाही तर ओरडू नकोस, लिहून दे.” म्हणून लिहिते आहे.

ज्यांनी गोष्ट ऐकली नाही त्यांच्यासाठी आधी थोडे सांगते. ज्यूल व्हर्न नावाचे फ्रेंच लेखक होते. त्यांनी समुद्राखालच्या वीस हजार लीग प्रवासाची एक अद्भुत कादंबरी लिहिली. ती १८६९-७० साली छापून आली. (व्हर्नच्या पुष्कळ कादंबऱ्या मराठीत भा. रा. भागवतांनी आणल्या. तेच ते, फास्टर फेणेवाले.) कॅप्टन नेमोची ‘नॉटिलस’ ही विजेवर चालणारी पाणबुडी. तिच्यात प्रोफेसर अ‍ॅरोनॅक्स, त्यांचा नोकर कॉन्साय आणि देवमासे मारणारा नेड लँड असे तिघे अडकलेले असतात. वीस हजार लीग म्हटल्यावर आमच्या वर्गातले अर्धे जण समजले की ते तेवढे खोल जातात. तसे नाही हो! एक लीग चार किलोमीटरचा धरला तरी ऐंशी हजार किलोमीटर होतात. पृथ्वीचा घेरच चाळीस हजार आहे. एवढा खोल समुद्र आणायचा कुठून? ते अंतर प्रवासाचे आहे.

बाईंनी शनिवारी सकाळच्या शाळेत आम्हाला दुसऱ्या भागातले तिसरे प्रकरण वाचून दाखवले. पाणबुडी श्रीलंकेजवळ मन्नारच्या आखातात येते. तिथे मोत्यांचे शिंपले मिळतात. नेमो त्या तिघांना घेऊन, तांब्याचे टोप आणि पाणबुड्यांचे पोशाख घालून समुद्राच्या तळावरून चालत जातो. एका गुहेत एक भला मोठा शिंपला असतो. नेमो त्याच्या फटीत खंजीर अडकवून आतला मोती दाखवतो. तो केवढा? नारळाएवढा! पण नेमो तो काढत नाही. अजून वाढू दे, म्हणतो.

इथे आमच्या वर्गात “अबब!” झाले. मला मात्र मालवणची नारळी पौर्णिमा आठवली. आपण समुद्राला नारळ देतो आणि हा समुद्रातून नारळाएवढा मोती नेणार. बरं, तो वाढायला ठेवला म्हणजे तो नेमोचाच झाला का? हे मी विचारले, पण तेव्हा कोणी लक्ष दिले नाही. (एवढा मोती असतो का, असे विचाराल तर असतो. फिलिपीन्समध्ये १९३४ साली अशाच राक्षसी शिंपल्यात सहा किलोच्या वर वजनाचा मोती सापडला होता. पण तो आपल्या नथीतल्या मोत्यासारखा चमकत नाही, चिनी मातीच्या बशीसारखा दिसतो.)

आता मुख्य भाग. परत येताना त्यांना एक पाणबुड्या दिसतो. खरा, माणूस. त्याच्या अंगात पोशाख नाही, डोक्यावर टोप नाही. वर छोटी होडी नांगरलेली. पायात दगड धरून तो पाच मीटर खाली येतो, गुडघ्यावर बसतो, हाताला येतील ते शिंपले पिशवीत भरतो आणि वर जातो. पिशवी होडीत रिकामी करतो, दोरीने दगड वर ओढतो, पुन्हा खाली. एका बुडीला तीस सेकंद आणि एका बुडीत डझनभर शिंपले. त्यातल्या कितीत मोती असतील ते देव जाणे.

मोती काढण्याचा हंगाम अजून सुरू झालेला नसतो. शेत कापायच्या आधीच कोणी गरीब लोंब्या वेचायला यावा, तसा तो एकटाच आलेला असतो.

अर्धा तास हे चौघे खडकाच्या सावलीत उभे राहून त्याला बघतात. मग मोठा शार्क मासा येतो. शेपटीचा तडाखा बसून पाणबुड्या आडवा होतो. नेमो खंजीर घेऊन माशावर धावतो, पण शेवटी नेमोच खाली पडतो आणि नेड लँड भाला मारून मासा संपवतो. (पुस्तकात मासा चावायच्या आधी पाठीवर उलटा होतो. बाई म्हणाल्या, पूर्वी लोकांना तसे वाटायचे, पण त्याला उलटे व्हायची काही गरज नसते. आणि आपल्याकडे मोरीची सागोती करतात, तेव्हा त्या माशाला इतका राक्षस म्हणायचे कारण नाही.) नेमो पाणबुड्याच्या दगडाची दोरी कापून त्याला वर आणतो. चोळून-चोळून तो शुद्धीवर येतो. नेमो खिशातून मोत्यांची थैली काढून त्याच्या हातात ठेवतो आणि चौघे पुन्हा पाण्यात जातात. झाले. पाणबुड्याचे काम संपले. संबंध पुस्तकात तो पुन्हा येत नाही.

माझ्या मित्राने लिहिले आहे की नेमो शूर आणि उदार होता. शूर होता, हे मला मान्य आहे. पण त्या प्रकरणात सगळ्यांत धाडसाचे काम कोणी केले? पोशाख घालून, पाठीवर हवेची टाकी लावून, हातात खंजीर घेऊन उतरलेल्याने, की नुसता श्वास धरून उतरलेल्याने?

हे आम्ही करून बघितले. वर्गातल्या घड्याळावर श्वास धरला. मी ४१ सेकंद, आणि तो लेखवाला मित्र ५८. तो लगेच म्हणाला, “बघ, तीस सेकंदांत काय आहे मोठं?” मग मी व्हरांड्यात बारा खडे पसरले आणि म्हटले, आता श्वास धरून हे वेच. गुडघ्यावर बसून, एकेक. त्याला सात खडे झाले आणि तोंड उघडले. वर्गात कोणालाच बारा झाले नाहीत. आणि आमच्या डोक्यावर पाणी नव्हते, डोळ्यांत खारे पाणी नव्हते आणि हे एकदाच करायचे होते. तो माणूस अर्धा तास करत होता.

त्याच्या आधीच्या प्रकरणात पाणबुड्यांचे हाल सांगितले आहेत. वर आले की नाकाकानांतून रक्त येते, डोळे जातात, म्हातारे होईपर्यंत जगत नाहीत. नेमो तिकडच्या पनामाची मजुरीही सांगतो. मोती निघाला तर त्या शिंपल्यामागे एक सू, म्हणजे आपल्या जुन्या दमडीसारखे नाणे. मोती निघाला नाही तर काहीच नाही. प्रोफेसरांना हे ऐकून वाईट वाटते. पण वाईट वाटून ते मोती बघायला जातातच.

आता माझ्या आजीचे सांगते. माझी आजी ओहोटीला खाडीच्या तोंडाशी कालवे काढायला जाते. हातात कोयती, कमरेला टोपली. कालवाची कड ब्लेडसारखी असते. आजीच्या बोटांवर इतके कापल्याचे वण आहेत की ती म्हणते, “माज्या बोटांचो ठसो सरकाराक गावाचो नाय.” एक वाटा कालवे व्हायला किती फोडावे लागतात ते विकत घेणाऱ्याला ठाऊक नसते. उधाणाच्या दिवसांत ओहोटी लांबवर जाते तेव्हा जास्त मिळतात, भांगाला कमी.

मी रात्री हे प्रकरण आजीला सांगितले. मला वाटले, ती म्हणेल, नेमो देवमाणूस. आजी म्हणाली, “पिशयेभर मोती गावले, बरा झाला. पण तो ते इकूक खंय जातलो? गरीब माणूस मोती घेवन बाजारात गेलो तर पयलो सवाल काय? खंयसून चोरलंस!”

हे माझ्या लक्षातच आले नव्हते. तुमच्या आले होते का?

मग आजीने विचारले, शुद्धीवर आल्यावर त्याला काय दिसले? मी सांगितले, तांब्याची चार मोठी डोकी त्याच्यावर वाकलेली. आजी हसायलाच लागली. “अगो, मगे तेका देवचारच दिसलो! घराकडे जावन तो तांच सांगतलो.” आणि खरेच पुस्तकात लिहिले आहे की तो घाबरतो, आणि आपल्याला कोणी वाचवले, कोणी श्रीमंत केले, हे त्याला कळतच नाही.

इथे माझे खरे म्हणणे आहे. परत आल्यावर नेमो प्रोफेसरांना सांगतो की तो माणूस एका दडपलेल्या देशातला होता आणि मीही शेवटच्या श्वासापर्यंत त्यांच्यातलाच आहे. तेव्हा हा नेमो कोण, ते प्रोफेसरांना कळत नाही. पण १८७५ साली पुऱ्या झालेल्या दुसऱ्या कादंबरीत व्हर्न यांनी सांगून टाकले की नेमो हा बुंदेलखंडचा राजपुत्र डाक्कर, १८५७ च्या लढ्यात इंग्रजांशी लढलेला. म्हणजे आपलाच! हे बाईंनी सांगितले तेव्हा सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या.

पण मग तो बोलला का नाही? आपल्या माणसाजवळ वाकला, थैली दिली आणि गेला. टोप काढला नाही. “घाबरू नको” म्हटले नाही. नाव विचारले नाही. जे त्या माणसाला सांगायचे होते ते बोटीवर जाऊन फ्रेंच प्रोफेसरांना सांगितले! माझा मित्र म्हणतो की तो टोप स्क्रूने घट्ट बसवलेला असतो, दुसऱ्याने मदत केल्याशिवाय निघत नाही. ठीक आहे. कॉन्साय होता, नेड लँड होता, मदत करायला तिघे होते. आणि तिथे नाही जमले तर त्यांची स्वतःची होडी फार लांब नव्हती.

पालकांनो, तुमच्यातले बरेच जण रापणीला जातात. रापण ओढली की जो दोर ओढतो त्याला वाटा मिळतो. आम्ही पोरे नुसता हात लावायला गेलो तरी मूठभर पेडवे हातात पडतात. कोणी त्याला दान म्हणत नाही. दोर ओढला म्हणून तो वाटा. थैली आणि वाटा यांत मला फरक वाटतो. थैली देणाऱ्याचे नाव होते. वाटा घेणाऱ्याला मान खाली घालावी लागत नाही.

आमच्या घरात एक पाणबुड्या आहे, माझा काका. तो सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला पर्यटकांना स्कूबाला नेतो. खोली जवळजवळ पुस्तकातल्यासारखीच, पाच-सहा मीटर. ज्यांना पोहता येत नाही त्यांना मागून टाकीला धरून तो खाली फिरवतो, माशांना खाऊ दाखवून जवळ आणतो आणि फोटो काढवतो. घरी त्याच्या मोबाइलवर असे शेकडो फोटो आहेत. त्यात हसणारा पर्यटक, रंगीत मासे आणि कोपऱ्यात एक हात. तो हात काकाचा. मी विचारले, तुझा फोटो कुठे आहे? तो म्हणाला, “ह्यो काय, हात दिसता मां?” त्याला त्याचे काही वाटत नाही. मला वाटते. काही लोक जाताना काकाला बक्षीस देतात, चांगले देतात. नाव क्वचितच कोणी विचारतो.

आमच्या वर्गात मग त्या पाणबुड्याला नाव ठेवायचे ठरले. पण तेही सोपे नाही. बाई म्हणाल्या, मन्नारला मोती काढायला समुद्राच्या दोन्ही किनाऱ्यांवरून लोक येत. त्यात तमिळ बोलणारे परवर कोळी होते, कीळक्करैचे मुसलमान होते, लांबून आलेले अरबही होते. आणि शार्क माशांचे तोंड मंत्राने बांधणारे मांत्रिक किनाऱ्यावर बसत, त्यांनाही शिंपल्यांचा वाटा असे. (म्हणजे मांत्रिकालाही वाटा!) तेव्हा तो अँथनी असेल, मरैक्कार असेल, काहीही असेल. एकाने ‘पांडू’ सुचवले, पण ते त्याच्या आजोबांचे नाव आहे, म्हणून आम्ही घेतले नाही.

लेख पुरा करायच्या आधी मी काकालाही ते प्रकरण वाचायला दिले. पडवीत बसून त्याने सगळे वाचले. खंजिराबद्दल काही बोलला नाही, नारळाएवढ्या मोत्याबद्दलही नाही. त्याने पहिला प्रश्न विचारला तो असा, “तेची दोरी धरूक होडयेत कोण होतो?”

मी म्हटले, कोणी नाही. एकटाच होता.

“एकटो?” काका म्हणाला. “पाण्यात एकट्यान उतराचा नसता. आमका शिकवतत तां पयला ह्याच.” मग त्याने परत ते पान काढून बघितले, खरेच कोणी नाही का म्हणून. थोड्या वेळाने विचारले, “आणि मगे त्या मोत्यांचा काय झाला?”

मी पान उलटून दाखवले. पुढचे प्रकरण तांबड्या समुद्राचे आहे.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी