घर घेतलं आणि भाव उतरला तर?

नारायण पेठेतल्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलंय. वाड्यात दोन खोल्या, भाडेपावती सासऱ्यांच्या नावाची, घरात सासूबाई, मुलगी यंदा नववीत. अभ्यासाला कोपरा म्हणजे ओट्याखालची जागा. यजमानांचा पगार हातात ७० हजार, बाईंच्या शिकवण्यांचे साधारण १५ हजार. साठवलेले आणि गावाकडच्या जमिनीचे मिळून २६ लाख हाताशी आहेत. सिंहगड रस्त्याला ८० लाखांचा ब्लॉक पाहून ठेवलाय, बँकही ६० लाख द्यायला तयार आहे. पण यजमान हटून बसलेत. उद्या भाव पडले तर सगळी पुंजी बुडेल, असं त्यांचं म्हणणं. त्यांना कसं समजवावं, असं मैत्रीण विचारते.

समजवायचं मग बघू. त्यांचं म्हणणं खोटं नाही, हे आधी मान्य करायला हवं. जागेचा भाव कधी खाली येत नाही, हे आपण हळदीकुंकवापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत ऐकत आलोय, पण ते खरं नव्हे. मुंबईत १९९५ च्या सुमारास भाव टिपेला पोचले आणि त्यानंतर कित्येक वर्षं खालीच राहिले. जपानात १९९१ नंतर शहरातल्या जमिनी घसरल्या, त्या वर्षानुवर्षं घसरतच राहिल्या. अमेरिकेत २००६ ते २०१२ या काळात घरांच्या किमती सरासरीने पाव हिश्शाने उतरल्या.

आणि इतकं लांब कशाला जायला हवं? १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचंही, आणि मुठेचं पाणी नारायण पेठेत शिरलं. सकाळी ज्यांचा वाडा उभा होता, त्यांच्यापैकी कितीतरी जणांकडे संध्याकाळी मातीचा ढीग उरला. दुसरी घसरण इतकी सावकाश झाली, की ती कुणी घसरण म्हणून मोजलीच नाही. १९४७ च्या भाडे कायद्याने जुनी भाडी १९४० च्या पातळीला बांधून टाकली. वाडेमालक म्हटलं की आपल्याला बडं प्रस्थ वाटतं. पण दहा-पंधरा रुपयांच्या भाड्यात कौलं फिरवायचा खर्चही निघेना, आणि महागाईने त्या उत्पन्नाला पार विरघळवून टाकलं.

पण गंमत बघा. त्याच वाड्यात मालकाचं स्वतःचं बिऱ्हाड ज्या खोल्यांत होतं, त्या खोल्यांचं ह्या घसरणीने काय बिघडलं? काही नाही. तिथे चूल पेटत होती, बाळंतपणं होत होती, गणपती बसत होता. उत्पन्नासाठी ठेवलेली जागा आणि राहण्यासाठी ठेवलेली जागा ह्या दोन निराळ्या वस्तू आहेत. राहत्या घराचा भाव उतरला, तर तो झोंबतो फक्त विकायची पाळी येणाऱ्याला.

मात्र ती पाळी आली, तर किती झोंबतो ते आकड्यांत पाहू. ८० लाखांच्या ब्लॉकला पुण्यात ७ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे ५ लाख ६० हजार, नोंदणीचे ३० हजार. म्हणजे स्वतःचे २० आणि हे ५ लाख ९० हजार धरून हाताशी असलेले २६ लाख जवळजवळ संपलेच. ६० लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता बसतो ५२ हजार ६९ रुपये. पाच वर्षांत ३१ लाखांवर रुपये भरून होतात, पण त्यातले मुद्दलात जातात जेमतेम ७ लाख १२ हजार. बाकीचं व्याज. आता समजा भाव पाचवा हिस्सा उतरला आणि ६४ लाखांना विकावं लागलं, तर बँकेचे ५२ लाख ८८ हजार चुकते करून हाती येतात ११ लाख. व्याज सोडूनच द्या, घरचे ३३ लाख गेले आणि ११ परत आले. अमेरिकेतल्या काही राज्यांत घराची किल्ली बँकेला दिली की कर्जदार मोकळा होतो, असं वाचलं असेल. आपल्याकडे तसं नाही. घर विकून कर्ज फिटलं नाही, तर उरलेली बाकी आपल्याच डोक्यावर.

म्हणून भाव पडेल का, ह्या प्रश्नावर नवरा-बायकोने रात्र जागवू नये. त्याचं उत्तर बिल्डरला ठाऊक नाही आणि बँकेलाही नाही. विचारायचं ते हे, की आपल्याला विकावं लागेल का? यजमानांची बदली होण्याजोगी नोकरी आहे का? मुलगी बारावीनंतर दुसऱ्या गावी शिकायला गेली तर तिचा खर्च कुठून येईल? आणि मुख्य म्हणजे, एक पगार थांबला तर हप्ता निघेल का? बँक कर्ज ठरवताना दोघांची कमाई धरते आणि आपल्याला वाटतं, वा, बरंच मिळालं! मी अर्धवेळ शिकवते, त्यामुळे अशा कमाईचा भरवसा मला ठाऊक आहे. सुटी लागली की ती थांबते, घरात कुणी आजारी पडलं की पहिली ती सुटते. बाईची अशी मिळकत हप्त्यात धरूच नये. वाणसामानाला धरावी.

ह्या मापाने पाहिलं, तर ७० हजारांतून ५२ गेले, उरले १८. चौघांच्या घराला ते पुरायचे नाहीत. त्यातून व्याजाचा दर काही एका जागी बसत नाही. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला. तेव्हा कित्येकांचा हप्ता तेवढाच राहिला म्हणून ते निर्धास्त होते, पण कर्जाची मुदत मात्र वाढत गेली होती.

तेव्हा माझं मत सांगते. घर घ्यावं, पण हा ब्लॉक नको. ६० लाखांपर्यंतचा बघा, जुन्या सोसायटीतला असला तरी चालेल. ४० लाखांच्या कर्जाला त्याच दराने हप्ता पडतो ३४ हजार ७१३. असे सहा हप्ते, म्हणजे दोन लाखांच्या वर रक्कम, वेगळ्या ठेवीत टाकून तिला हात लावायचा नाही. जुनी सोसायटी घेताना मात्र जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का, तो अभिहस्तांतरणाचा कागद बघितल्याशिवाय बयाणा देऊ नका. विटा-सिमेंट जुनं होतं, जमीन होत नाही. पुढेमागे इमारत पाडून नवी करायची झाली, की सगळं त्या कागदावर येऊन ठेपतं. सिंहगड रस्त्यालाच जायचं असेल, तर नदीची पूररेषाही नकाशावर पाहून घ्या. २५ जुलै २०२४ ला एकता नगरीत पाणी शिरलं, ते दिवस फार जुने नाहीत.

राहिल्या वाड्यातल्या दोन खोल्या. वाडा बिल्डरकडे जाणार अशी कुजबुज आहे, असं पत्रात ओझरतं लिहिलंय. अहो, ही ओझरती गोष्ट नव्हे! जुन्या भाडेकरूचा हक्क ही तुमची दुसरी पुंजी आहे. नवं घर मिळालं ह्या आनंदात किल्ली मालकाच्या हाती देऊन मोकळ्या होऊ नका. खोल्या नुसत्या कुलूपबंदही ठेवू नका, कारण सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने जागा वापरली नाही, तर १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे मालकाला ताबा मागता येतो. सासूबाईंचा जीव पेठेत असेल, तर त्यांचं आणि कुणाचं तरी तिथे राहणं चालू ठेवा, पावती वेळेवर फाडून घ्या, आणि हलण्याआधी सगळे कागद वकिलाला दाखवा. नवीन इमारतीत किती चौरस फूट, मधल्या काळाचं भाडं कोण देणार, हे नोंदणी केलेल्या करारात आल्याशिवाय तोंडी शब्दावर सही नको.

आणि एक. नवं घर एकट्या तुमच्या नावावर घेतलंत, तर २०२१ पासून मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट आहे. नवऱ्याचं नाव जोडलं की ती जाते. वर जो ४० लाखांचा हिशेब मांडलाय, तो ही सूट धरूनच जमतो. ६० लाखांवर ते ६० हजार होतात. तेवढ्यात मुलीसाठी टेबल, खुर्ची, पुस्तकांचं कपाट सगळं येऊन वर ओट्याच्या कामालाही हात लागेल.