मायकल की मायकेला?

आमच्या फ्लॅटमध्ये दोन दिवस कडकडीत शांतता होती. मी आणि माझी रूममेट एकाच ओट्यावर आपापला चहा वेगळा करून पीत होतो. भांडणाचं कारण लाइट बिल नव्हतं की गिझर नव्हता. कारण होता एक पुस्तकातला माणूस, तोही दोनशे वर्षांपूर्वीचा!

जून २०२४ ची गोष्ट. 'ब्रिजर्टन'चा तिसरा सीझन. शेवटचा एपिसोड आम्ही मॅगीचा बाऊल मांडीवर घेऊन बघत होतो. फ्रान्चेस्काचं त्या शांत, गोड जॉनशी नुकतंच लग्न झालंय. तो तिची आपल्या चुलत बहिणीशी ओळख करून देतो. समोर मायकेला. आणि फ्रान्चेस्का चक्क स्वतःचं नाव विसरते. बास, एवढाच सीन.

मी किंचाळले. "अरे, हा मायकल होता! पुरुष होता! वाट लावली यांनी माझ्या पुस्तकाची!"

आता थोडं पुस्तकाबद्दल (स्पॉयलर आहेत, दोष देऊ नका). ज्युलिया क्विनचं 'व्हेन ही वॉज विकेड', २००४ चं. त्यात जॉन अचानक मरतो. त्याचा चुलतभाऊ मायकल पहिल्या भेटीपासून फ्रान्चेस्कावर जीव टाकून बसलेला. आता जॉनची अर्लकी, इस्टेट, सगळं त्यालाच मिळतं. त्या अपराधी भावनेनं तो कुठे पळतो माहितीये? भारतात! परत जातो तो मलेरिया घेऊन. आणि फ्रान्चेस्का? जॉनच्या मागे तिचं बाळही राहत नाही. काही वर्षांनी ती पुन्हा लग्नाचा विचार करते, तो मुळात मूल हवं म्हणून.

हे पुस्तक मी माझ्या ताईला दिलं होतं, तिची आयव्हीएफची दुसरी सायकल फेल गेली तेव्हा. फोनवर ती म्हणाली होती, "पहिल्यांदा कुणीतरी 'होईल गं सगळं नीट' असं न म्हणता माझं लिहिलंय." म्हणून मी किंचाळले. मायकलची मायकेला झाली की ही बाई लग्न करून मुलाची वाट बघणार कशी? महिन्या-महिन्याला तुटणार कशी? जगभरच्या वाचकांमध्ये नेमका हाच आक्रोश होता. दुसरा आक्रोश जॉनसाठी. बायको लग्न होताच दुसऱ्या कुणाला बघून नाव विसरते, मग त्या बिचाऱ्याचं प्रेम खोटं का?

आणि मग तिसरा प्रकार. मायकेलाचं काम करणाऱ्या मसाली बडुझा या दक्षिण आफ्रिकेच्या अभिनेत्रीला रंगावरून केलेली शिवीगाळ. त्यांना पुस्तकाशी काही देणंघेणं नव्हतं हो.

मी तावातावानं बोलत होते. रूममेट रडत होती. मला वाटलं, हिलाही मायकलचं वाईट वाटतंय. तर ती म्हणाली, "तुझ्याकडे शंभर मायकल आहेत. मला एक तरी मिळू दे की."

चार वर्षं एकत्र राहतोय आम्ही. मला माहीत नव्हतं. आणि तरी मी काय म्हणावं? "हो, पण पुस्तकात..." त्यानंतर चहा वेगळा.

त्या दोन रात्री मी वाचत बसले. मालिकेची प्रमुख जेस ब्राउनेल स्वतः क्विअर आहे. आपण जगापेक्षा वेगळ्या आहोत, हे फ्रान्चेस्काचं वाटणं तिला जवळचं वाटलं. ज्युलिया क्विननंही वाचकांना थोडा धीर धरायला सांगितलं होतं. जॉनवरचं फ्रान्चेस्काचं प्रेम आधी नीट दिसावं, हा तिचाच आग्रह होता. अर्लकीचा प्रश्नही वाटला तेवढा अवघड नाही. स्कॉटलंडमधल्या काही जुन्या पदव्या बायकांकडे जायच्या. १७६६ मध्ये सदरलंडच्या अर्लची जेमतेम वर्षाची मुलगी वारस झाली. कोर्टबाजी झाली, पण १७७१ मध्ये निकाल तिच्याच बाजूनं लागला.

आणि मग आठवला मार्च २०२२. पुस्तकातली केट शेफील्ड मालिकेत केट शर्मा झाली, तेव्हा मीच ऑफिसभर नाचले होते. धाकट्या एडविनाला लॅटिन, फ्रेंच आणि चक्क मराठी येतं, हे ऐकून आईला फोन केला होता. मुंबईच्या पोरी, लंडनमध्ये हळद! तेव्हा मला नव्हतं आठवलं पुस्तक.

तरी माझं म्हणणं मी सोडलेलं नाही. त्या बाळाचं दुःख गाळलं, तर मी पुन्हा किंचाळणार.

ताईला फोन केला, ती तरी माझ्या बाजूनं असेल म्हणून. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. "मी नाही बघणार," म्हणाली. "तुम्ही बघा. माझं पुस्तक माझ्याकडे आहे."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी दोन कप चहा टाकला. रूममेट ओट्यापाशी आली, कप घेतला, बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ते पुस्तक देशील वाचायला?"

आता आली का पंचाईत? ताईकडून ते परत मागायचं कसं?