रक्त देण्याचा निकष कोणता?

अमेरिकेत २००८ साली यंत्राधारित बायपासच्या किमान १०० शस्त्रक्रिया करणाऱ्या ४०८ रुग्णालयांचे दप्तर तपासले असता, रक्तपेशी चढविलेल्या रुग्णांचे प्रमाण कोठे ७.८ टक्के, तर कोठे ९२.८ टक्के आढळले. आणि रुग्णांच्या प्रकृतिभेदाने या तफावतीचा केवळ पंचमांशच उलगडा व्हावा, ही बाब आम्हांस अत्यंत चिंताजनक वाटते. परक्याचे रक्त हे जीवदायी खरे, परंतु निर्धोक नव्हे. हिमोग्लोबिन ७.५ ग्रॅमखाली उतरेपर्यंत थांबणे हृदयशस्त्रक्रियेतही सढळपणे रक्त चढविण्याइतकेच सुरक्षित असल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या बहुराष्ट्रीय चाचणीने दाखविले असताना, निव्वळ रुग्णालयाच्या वहिवाटीवर हा निर्णय सोपविणे समर्थनीय नाही. प्रत्येक रुग्णालयाने आपले प्रमाण जाहीर करावे, अशी आमची आग्रहाची मागणी आहे.