एमएच 09 ची गाडी बेळगावात: जीएसटी नाही, रोड टॅक्स महाग

कोल्हापुरातली जुनी गाडी स्वस्त मिळते म्हणून बेळगावकर घेतात आणि मग आरटीओत अडकतात. भीती जीएसटीची असते, पण खासगी मालकाकडून घेतली तर तो लागतच नाही. डीलरला जानेवारी 2025 पासून सरसकट 18 टक्के, तोही खरेदी-विक्रीतल्या फरकावर. खरा फटका रोड टॅक्सचा. महाराष्ट्रात एकरकमी भरलेला असला तरी गाडी 12 महिन्यांपेक्षा जास्त कर्नाटकात राहिली की कलम 47 नुसार केए 22 नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी कोल्हापूर आरटीओची एनओसी हवी, वर गाडीच्या वयानुसार कर्नाटकचा आजीवन कर. महाराष्ट्राकडून उरलेल्या कराचा परतावा मागता येतो, पण नवी नोंदणी झाल्यावर. म्हणजे खिसा आधी रिकामा! परतावा कोणाचा, हे सौद्यातच लिहून घ्यावं. एवढं धरूनही स्वस्त पडत असेल तरच कोगनोळी नाका ओलांडावा.